जपानी मुलखाची फेरमोजणी

आबांना रस्त्यात नमस्कार केला तर त्याचं उत्तर लगेच मिळत नसे. ते उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि तसेच पुढे चालत राहायचे. मी धुळ्यात नवा होतो तेव्हा मला वाटलं, घरमालक आहेत, भाडेकरूला एवढा भाव पुरे. पण जरा वेळाने फाटकाची कडी वाजली, आबा आत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "हं, नमस्कार सर. कोपऱ्यापासून फाटक, एकशे बारा." ते पावलं मोजत होते. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांचा नोकरीतला नियम होता आणि निवृत्त झालो म्हणून तो मोडावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

आबा मोजणी खात्यात होते. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत त्यांनी साखळी ओढली नाही असा तालुका नसेल. दोघा भावांचा बांधावरून वाद झाला, काठ्या निघायची वेळ आली, की सरकारी मोजणी लागायची आणि आबा तिथे जाऊन उभे राहायचे. दोन्हीकडच्या शिव्या सारख्याच शांतपणे ऐकून घ्यायचे, तेहतीस फुटांची साखळी अंथरायचे आणि हद्द जिथे निघेल तिथे दगड रोवायचे. फेरमोजणीचे अर्ज पुष्कळ झाले, वरून साहेब येऊन गेले, पण आबांनी रोवलेला दगड एकदाही हलला नाही. हे ते स्वतःच सांगायचे आणि सांगून झालं की नेहमीचं वाक्य यायचं, "आपली मोजणी दुसऱ्यांदा होत नाही, सर." आवाज सौम्य असायचा, पण त्यापुढे काही बोलायची सोय नसायची.

मी रावेरकडचा. घरची केळी भावांवर सोडून धुळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो होतो आणि आबांच्या वरच्या खोलीत राहत होतो. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. लग्न व्हायचं होतं, रविवार खायला उठायचा. त्या सुमारास माझा एक मावसभाऊ मुंबईहून आला आणि त्याच्या मुलांनी टाकून दिलेला टीव्ही गेम मला देऊन गेला. सव्वीस वर्षांच्या मास्तरांना द्यायची ती वस्तू नव्हती, पण मी घेतली. आता माझ्याकडे टीव्ही नव्हता. आबांकडे होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. एका रविवारी दुपारी धीर करून खाली गेलो आणि विचारलं. आबांनी यंत्र, वायर, रिमोट सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "टीव्हीला काही झालं तर?" त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली माई म्हणायची, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "काय व्हई त्याले? तसा बी तो बातम्याशिवाय काय दखाडस?" परवानगी मिळाली.

सोबत तीन कॅसेटी होत्या. दोन उड्या मारायच्या नि गोळ्या झाडायच्या. त्यांत मी इतक्या लवकर मरायचो की आबांच्या पेपराची घडी उलगडेपर्यंत खेळ संपलेला असायचा. तिसरी पिवळी कॅसेट जपानी होती. तिला फुंकर मारून बसवली की एक संथ सूर वाजायचा, काळ्या पडद्यावर पांढऱ्या चौकटीत जपानी अक्षरांच्या ओळी उमटायच्या आणि मग कितीतरी वेळ काही म्हणजे काही व्हायचं नाही. मावसभावाची मुलं तिला 'बोअर कॅसेट' म्हणायची. पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं. चार ठेंगणी माणसं एकामागून एक चालतात, गावात शिरतात, कुणासमोर उभं राहिलं की तो चार ओळी बोलतो आणि त्या वाचता येत नाहीत. गावाबाहेर डोंगर, झाडी, समुद्र. उडी मारता येत नाही, पळता येत नाही. मी कंटाळून कॅसेट काढायला हात घातला, तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, "थांबा सर. माणसं शिवाराबाहेर पडलीत."

पेपर खाली ठेवून ते पुढे सरकले होते. "चौघं आहेत. पुढचा मोजणीदार, मधले दोघे साखळीवाले, शेवटचा निशाणवाला." त्यातली एक मुलगी आहे आणि एकाच्या हातात तलवार आहे, असं मी सांगून पाहिलं. "असू दे," आबा म्हणाले, "फिरतीवर काठी लागतेच." एकदा बटण दाबलं की जमीन बरोबर एक चौकोन सरकते, अर्धा नाही, दीड नाही, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. मला ते जन्मात दिसलं नसतं. त्या दिवसापासून रिमोट त्यांच्या हातात आणि वही माझ्या हातात अशी कामाची विभागणी झाली. त्या खेळात राजासमोर जाऊन उभं राहिलं की तिथवरची प्रगती कॅसेटीत साठून राहायची. आबा त्याला दप्तर सादर करणं म्हणायचे आणि ते केल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत.

नव्या गावात शिरल्यावर त्यांची पद्धत ठरलेली. मोजणीआधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यायची, हजर असतील त्यांचे जबाब घ्यायचे, हा खात्याचा नियम. तो जपानलाही लागू झाला. गावातला एकही पुरुष, बाई, पोर, विहिरीवरचं कुत्रंसुद्धा सुटायचं नाही. समोर चौकट उमटली की आबा शेवटची ओळ संपेपर्यंत मान डोलवायचे आणि मग मला सांगायचे, "लिहा. इसम क्रमांक सात. विहिरीजवळ. जबाब घेतला. मजकूर जपानी." अशी शंभर पानी वही भरत आली. एकदा मी वैतागून म्हणालो, "आबा, समजत नाही तर विचारता कशाला?" त्यांना माझं आश्चर्य वाटलं. "न विचारता पुढे गेलो तर त्या माणसाला काय वाटेल? गावाची मोजणी झाली आणि आपल्याला कुणी धरलंच नाही."

त्या गावांमधल्या घरांत शिरायला मोकळीक होती. घरात पेट्या असायच्या, त्या उघडल्या की आत औषध, कपडे, हत्यार असं काहीबाही मिळायचं आणि खेळ पुढे सरकायला ते लागायचं. आबा पेटी उघडायला तयार नव्हते. लोकांच्या घरात शिरून पेट्या उघडायच्या ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी आमची माणसं तीन आठवडे एका गुहेपाशी मार खात होती. अखेर माईंनी तोड काढली. आधी घरधन्याशी बोलायचं, मग पेटी उघडायची. तो काय बोलला ते जपानीत, म्हणजे नाही म्हणाला असं कुणी सिद्ध करू शकत नाही. आबांनी हे मान्य केलं, मात्र पेटी उघडल्यावर परत त्या माणसासमोर जाऊन उभे राहायचे. मी त्याला आभारप्रदर्शन म्हणायचो.

लढाया मात्र त्यांना मनापासून आवडल्या. चालता चालता एकदम पडदा बदलायचा आणि समोर विंचू, वटवाघूळ, सांगाडा असं काहीतरी उभं राहायचं. पहिल्या वेळी हे काय आलं म्हणून आबा दचकले आणि ऑफिसातली मराठी विसरून घरच्या बोलीत म्हणाले, "अरे, हाई काय उनं?" पण तो विंचू अंगावर आला नाही. आपण काय करायचं ते ठरवेपर्यंत जागचा हलला नाही. आबांनी मुद्दाम चहा मागवला, सावकाश प्यायले, तरी तो उभाच. "सर, आयुष्य बांधावरची भांडणं बघण्यात गेलं," ते म्हणाले, "पण दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणारा माणूस बघितला नाही. हा विंचू बघा." पुढे शाळेत स्टाफरूमच्या मीटिंगा बघताना मला हे फार आठवायचं.

आणि मग नकाशा. तो आबांचा खरा उद्योग. आलेखाच्या कागदावर एका पावलाला एक चौकोन. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर समुद्र आणि गवत यांच्यात उन्नीस-बीसचा फरक, पण आबांना तो दिसायचा. डोंगराला रेघा, झाडीला टिंबं, गावाला गट नंबर. एक कागद संपला की दुसरा खळीने चिकटवायचा. दिवाळीपर्यंत तो नकाशा पुढची खोली व्यापून बसला आणि माई जपानच्या किनाऱ्याने कडेकडेने चालू लागल्या. सुंदर काम होतं. खेळाचं मला फारसं काही कळलं नसलं, तरी हातात पेन्सिल घेऊन त्या कागदावर ओणवा झालेला साठीपलीकडचा माणूस मला फार आवडायला लागला होता.

एका दुपारी आबा बाजारात गेले असताना माईंनी मला दुसरी एक मोजणी सांगितली. आबांचा धाकटा भाऊ नाना पाचोऱ्याजवळच्या त्यांच्या मूळ गावी शेती करायचा. माईंची सख्खी धाकटी बहीण नानांना दिलेली. दोघी बहिणी दोघा भावांच्या घरात. वडील गेल्यावर शेताच्या वाटण्या ठरल्या तेव्हा नाना म्हणाले, घरात मोजणीदार असताना बाहेरचा कशाला? आबांनी मोजलं आणि बांध नाना नांगरत होते त्याच्या आठ हात आत निघाला. नाना म्हणाले, "आबा, एकदा परत मोज." आबा म्हणाले, आपली मोजणी दुसऱ्यांदा होत नाही. बस, तेवढ्यावर बोलणं बंद झालं, ते आजतागायत. "अकरा वरीस व्हयनात सर," माई म्हणाल्या, "मी मन्ही बहीनना घर पानी पिधं नही. लगीनमा भेटतस, तेबी चोरीसन." त्या डोळे पुसायला लागल्या आणि मी बावळटासारखा नकाशाकडे बघत बसलो.

थंडी संपता संपता त्या चौघांना एक जहाज मिळालं. आबांना कोण आनंद झाला. आता मुलखाची पूर्व हद्द काढायची आणि नकाशा बंद करायचा. आम्ही अगदी पूर्वेच्या बंदरातून निघालो आणि पूर्वेलाच जात राहिलो. आबा तोंडातल्या तोंडात मोजत होते, मी दर शंभराला रेघ मारत होतो. बऱ्याच वेळाने जमीन दिसली. उतरलो. एक गाव लागलं. विहीर होती, विहिरीवर कुत्रं होतं आणि कुत्र्याशेजारी इसम क्रमांक सात उभा होता. आबांनी त्याच्याशी बोलून पाहिलं. त्याच चार ओळी. हे गाव आमच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या कागदावर होतं. पूर्वेला गेलेली माणसं पश्चिमेच्या गावात पोचली होती.

पृथ्वी गोल आहे हे आम्हा दोघांनाही शाळेत शिकवलेलं होतं. पण फरशीवर सपाट अंथरलेल्या कागदापुढे ते आठवणार कुणाला? मोजणी खात्यात गावाला चारही बाजूंनी शीव असते आणि शिवेपलीकडे दुसरं गाव असतं. शीव नसलेला मुलूख आबांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी एकच अर्थ काढला. लढाई लागली की पडदा बदलतो, त्या गडबडीत आपण कुठेतरी उलटे फिरलो. शेवटी ते म्हणाले, "आते बठ्ठं परत मोजनं पडी." सगळं परत मोजायचं, हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

आम्ही तीनदा मोजलं. तीन रविवार गेले. दर लढाईनंतर आबा जहाजाचं तोंड कुठे आहे ते तपासायचे, मी वहीत बाण काढायचो. तिन्ही वेळा इसम क्रमांक सात आमची वाट पाहत उभा. तिसऱ्या वेळी आबांनी रिमोट खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले. पुढच्या आठवड्यात मला कोपऱ्यावर भेटले, मी सवयीने नमस्कार केला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, "नमस्कार सर. काय म्हणता?" ते पावलं मोजत नव्हते. मला इतकं वाईट वाटलं की शाळेत जाऊन मी दोन वर्गांना विनाकारण रागावलो.

त्या बुधवारी संध्याकाळी आबांनी मला खाली बोलावलं. हातात एक पोस्टकार्ड होतं. "रविवारी पाचोऱ्याला येता का? साखळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल." मी कार्ड वाचलं. धाकट्या भावाला अकरा वर्षांनी लिहिलेलं पहिलं पत्र. वर ना प्रिय, ना आशीर्वाद. 'नोटीस. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या सामाईक बांधाची फेरमोजणी करण्यात येईल. लगतचे खातेदार या नात्याने हजर राहावे.' खाली पूर्ण सही. मी काही बोलायच्या आत आबाच म्हणाले, "जपानात चुकू शकतो, तर तिथेही चुकलो असेन. त्याने एकदाच मोज म्हटलं होतं. मोजायला हवं होतं." कार्ड टाकायला ते स्वतःच गेले.

शनिवारी दुपारी आबा बाहेर गेले असताना माई म्हणाल्या, तो कागद आता वर नेऊन ठेवा, खोली झाडते. मी नकाशा गुंडाळायला घेतला. एवढा मोठा कागद नीट गुंडाळावा म्हणून पूर्वेची कड पश्चिमेच्या कडेला लावली आणि माझा हात थांबला. उजव्या कडेवर अर्धवट तुटलेला किनारा डाव्या कडेवरच्या किनाऱ्याला जाऊन मिळत होता. डोंगराची अर्धी रेघ तिकडच्या अर्ध्या रेघेला. बंदरापासून विहिरीच्या गावापर्यंतचं अंतर मी वहीतून काढून जुळवलेल्या कागदावरच्या चौकोनांशी ताडून पाहिलं. एका चौकोनाचाही फरक नव्हता. त्या मुलखाला कड नव्हतीच. आबा चुकले नव्हते. वाचता न येणाऱ्या देशाचा, रंग न दिसणाऱ्या टीव्हीवरून, या माणसाने बिनचूक नकाशा काढला होता.

मी ओरडतच स्वयंपाकघरात गेलो. माई दुसऱ्या दिवसासाठी कळण्याच्या पुऱ्या लाटत होत्या, बहिणीकडे न्यायला. त्यांनी सगळं ऐकलं, नळीसारखा धरलेला कागद पाहिला. नकाशा त्यांना कळला की नाही ठाऊक नाही, पण आबा चुकले नाहीत एवढं बरोबर कळलं. पिठाचे हात तसेच जोडून त्या म्हणाल्या, "सर, तुमना पाया पडस. त्यासले सांगू नका." सांगितलं असतं तर आबांचा हरवलेला कणा त्यांना त्या घटकेला परत मिळाला असता. आणि रविवारची एसटी चुकली असती, कारण बिनचूक माणूस फेरमोजणीला कशाला जाईल? मी कागद वर नेला, कपाटावर टाकला आणि आबा आल्यावर त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

पारोळा, भडगाव करत आम्ही पाचोऱ्याला उतरलो आणि तिथून टेम्पोने गावात गेलो. साखळीची पिशवी आबांच्या मांडीवर होती, पुऱ्यांचा डबा माईंच्या. नाना बांधावर आधीच येऊन उभे होते. आबांचीच उंची, आबांचंच नाक, फक्त अंग उन्हाने रापलेलं. अंगात इस्त्रीचा सदरा. शेजारी त्यांच्या पत्नी. बहिणी एकमेकींकडे धावल्या आणि मुसमुसत शेताच्या कडेला जाऊन बसल्या. भाऊ मात्र दहा पावलांवर समोरासमोर उभे. नाना म्हणाले, "नोटीस भेटनी." आबा म्हणाले, "हजर आहात. बरं झालं." आणि पिशवीतून साखळी काढली.

शेत मोकळं होतं. मी एक टोक धरलं, आबांनी दुसरं. पहिल्या खुणेपासून ते सावकाश आले, कुठे ढेकूळ आडवं आलं तर काढून, दोनदा खात्री करून. मला वाटतं त्यांना मनातून चूक सापडायला हवी होती. ती घेऊनच ते आले होते. शेवटची साखळी पडली आणि टोक जुन्या दगडाच्या मधोमध टेकलं. अकरा वर्षांपूर्वीच्याच दगडावर. आबा तिथेच खाली बसले. "बराबर निंघनं," ते म्हणाले, आणि इतक्या हताशपणे म्हणाले की मला हसावं की रडावं कळेना.

नाना हळूच त्यांच्या शेजारी येऊन बसले. "माले ठाऊक शे ते बराबर शे. पुढला वरीसलेच तालुकाना माणूस बलाईसन मी मोजी लिधं. तुन्हाच दगडवर उनं." आबांनी वर पाहिलं. "मंग?" "मंग काय? मी जमीन थोडी मांगत व्हतू? एकडाव परत मोज, म्हंजे एकडाव परत ये. इतलंच म्हनत व्हतू." आबांचा हात साखळीवर होता. तो त्यांनी उचलला आणि भावाच्या गुडघ्यावर ठेवला. मग माईंची बहीण चहा घेऊन आली.

परतीच्या एसटीत माई नव्हत्या. त्या आठ दिवसांसाठी बहिणीकडे राहिल्या. आबा खिडकीशी बसले होते. मी ठरवलं होतं की आता सांगायचं. काम झालंय, आता लपवण्यात काय अर्थ? तेवढ्यात तेच म्हणाले, "शेत बरोबर निघालं. पण जपानात माझं चुकलंच. आणि ते चुकलं म्हणून मी इथे आलो. बरं झालं चुकलं, सर." चेहरा असा मोकळा होता की मी सांगणं पुढे ढकललं.

त्यानंतर ते सांगायचा दिवस कधी उजाडलाच नाही. कारण चूक ही आबांची सगळ्यात आवडती गोष्ट होऊन बसली. गल्लीत, पेन्शनरांच्या बाकावर, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा त्यांनी ती रंगवून सांगितली. "तीन-तीनदा मोजलं, तरी चुकलं! विचारा सरांना." मी मान डोलवायचो. खेळ पुढे आम्ही संपवला नाही. शेवटी कुणीतरी मोठा राक्षस असतो म्हणे. आबा म्हणाले, असू दे तिकडे, आपली काही हद्द त्याला लागून नाही. त्यांना आता वेळही नव्हता. महिन्यातून दोनदा ते पाचोऱ्याची गाडी पकडायचे.

माझी बदली झाली तेव्हा आबा मला सोडायला स्टँडवर आले. मी टीव्ही गेम त्यांच्याकडेच ठेवला, त्यांनी नकाशा मला दिला. तीन वर्षांनी माईंचं पत्र आलं की आबा गेले. धुळ्यात नाही, गावी, नानांच्या घरी, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून. मी भेटायला गेलो. नाना मला शेतावर घेऊन गेले आणि आबांच्या गोष्टी सांगू लागले. जपानची तर सगळ्या गावाला पाठ होती. पोरंटोरंसुद्धा कुणाचं काही बिघडलं की म्हणायची, आबाबी जपानमा चुकेल व्हता. मला राहवेना. कुणाला तरी खरं ठाऊक असायला हवं, असं वाटलं. मी नानांना सगळं सांगितलं, हातातलं वर्तमानपत्र गुंडाळून कड कडेला कशी मिळते ते दाखवलं.

नानांनी तो कागद हातात घेतला, एकदा उलगडला, परत गुंडाळला. "म्हंजे तो तठे बी चुकना नव्हता?"

"नाही, नाना. एका पावलानेसुद्धा नाही."

ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "जनमभरमा एकडाव त्यानी चूक कबूल करी, आनि तीबी बराबर निंघनी." मग माझा हात घट्ट धरून म्हणाले, "सर, गावमा कोनले सांगू नका. ती चूक व्हती म्हनीसन मन्हा भाऊ घर उना."

मी शब्द दिला आणि पाळला. आता नाना नाहीत, माई नाहीत, म्हणून लिहिलं. आबांची ती मोजणीही बरोबर होती.